लहान मुलांचा वॉर्ड : नव्या सिस्टरला पहिले तीन महिने काउंटमध्ये धरू नका

वॉर्ड_पाच | रात्री ११:४०

आत्ता इव्हिनिंगचा ओव्हर देऊन, म्हणजे पुढच्या शिफ्टला काम सोपवून, घरी आले. ताट झाकून ठेवलंय आणि आधी हे लिहायला बसलेय, कारण उद्यावर टाकलं की राहून जातं.

मी १९ वर्षं पुण्यात लहान मुलांच्या वॉर्डात आहे, त्यातली शेवटची सहा इनचार्ज म्हणून. पुढच्या महिन्यात आमच्याकडे नर्सिंगची बी.एस्सी. किंवा जीएनएम डिप्लोमा झालेल्या नऊ मुली आणि दोन मुलगे रुजू होतायत. मेट्रन मॅडम म्हणाल्या, यांच्यासाठी वर्षभराचं काहीतरी नीट बांधून दे, नुसतं तीन दिवसांचं इंडक्शन नको. परदेशात याला नर्स रेसिडेन्सी म्हणतात. डॉक्टरांची एमडीची रेसिडेन्सी असते तशी ही नव्हे. मुलगी पास झालेली, नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन झालेलं, पगारी नर्सच असते. फक्त पहिलं वर्ष ती ठरवून, कुणाच्या तरी शेजारी उभी राहून शिकते.

माझं म्हणणं एकच आहे. पहिले तीन महिने नव्या मुलीला ड्यूटी लिस्टच्या काउंटमध्ये धरायचं नाही. वॉर्डला चार स्टाफ लागत असतील तर चार भरा, आणि ही पाचवी.

का ते सांगते. मागच्या पावसाळ्यातली नाइट. सहा किलोचं बाळ, लघवीचं इन्फेक्शन, अमिकासिन हे अँटिबायोटिक इंजेक्शन चालू. १५ मिग्रॅ दर किलोला, म्हणजे दिवसाला ९० मिग्रॅ. वॉर्डात १०० मिग्रॅची वायल, म्हणजे इंजेक्शनची बाटली असते, दोन मिलीची. म्हणजे १.८ मिली काढायचं. नव्या मुलीने दोन रात्री बरोबर काढून दिलं होतं. तिसऱ्या रात्री फार्मसीत १०० ची संपली, म्हणून ५०० ची आली. तीही दोन मिलीचीच. तशीच इवली काचेची बाटली, तेवढंच पाणी, लेबलवर फक्त आकडा वेगळा. मुलीने सवयीने १.८ भरलं. म्हणजे ४५० मिग्रॅ. पाचपट.

आमच्याकडे एक रीत आहे : भरलेली सिरिंज आणि वायल एकाच ट्रेमधून आणायची, आणि बाळाजवळ जायच्या आधी दुसरीला दाखवायची. शेजारच्या स्टाफने वायल दिव्याखाली धरली, आकडा वाचला, काही न बोलता तिच्या हातात परत दिली आणि म्हणाली, "तू वाच." मुलीने वाचलं आणि तिथेच खाली बसली. खरा डोस ०.३६ मिली होता, एक मिलीच्या सिरिंजने काढावा लागतो एवढासा.

अमिकासिन जास्त झालं तर किडनीला आणि कानाला धोका. गेलेलं ऐकू येणं बहुतेक वेळा परत येत नाही.

त्या मुलीचं गणित कच्चं नव्हतं. ती हुशार आहे, अजून आमच्याकडे आहे आणि चांगलं काम करते. त्या रात्री चूक पकडली गेली, कारण शेजारचीला वायल दिव्याखाली धरायला वेळ होता. दोघींना दहा-दहा मुलं वाटून दिली असती तर एक या टोकाला, दुसरी त्या टोकाला. मग कोण कुणाची वायल बघणार?

नव्याने लागलेल्या मुलामुलींनी सांगा, पहिल्या सहा महिन्यांत तुम्हाला काय हवं होतं? आईवडिलांनीही लिहा. मला पंधरा दिवसांत कागद द्यायचाय.

---

साळुंकी | रात्री ११:५८

वाचतेय. अंगावर काटा आला, ताई. आधी जेवून घ्या.

---

भोरची_पोर | रात्री १:१५

ताई, मी मागच्या वर्षी पास झाले. कात्रजला पीजीत राहते. पहिली नोकरी लागली त्या हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. चौथ्या दिवशी मला नाइट लावली. वॉर्डात आम्ही दोघी, माझ्याकडे दहा मुलं.

एक चार महिन्यांचं बाळ होतं, ब्राँकिओलायटिसचं, म्हणजे छातीतल्या बारीक श्वासनळ्या सुजलेलं. संध्याकाळपासून रडत होतं. आई खांद्यावर घेऊन फिरत होती, तिच्याही डोळ्यांत पाणी. अडीचच्या सुमारास ते रडायचं थांबलं. मला इतकं बरं वाटलं! पांघरूण घातलं, आईला म्हटलं, "आता तुम्हीही पडा." वहीत लिहिलं, बाळ शांत झोपलंय.

थोड्या वेळाने आरएमओ सर, म्हणजे ड्यूटीवरचे डॉक्टर, दुसऱ्या मुलाला बघायला आले. जाता जाता त्यांचं लक्ष गेलं. पांघरूण काढलं तर प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खड्डा पडत होता, नाकपुड्या फुलत होत्या, मान श्वासाबरोबर हलत होती. माझ्या आधीच्या नोंदीत श्वास ७० होते, आता ३४. रक्तातल्या ऑक्सिजनचं सॅच्युरेशन ८५ टक्के. बाळ झोपलं नव्हतं, दमलं होतं. श्वास घ्यायचं बळ संपत आलं होतं. लगेच पीआयसीयूत, मुलांच्या अतिदक्षता विभागात नेलं. आठ दिवसांनी हसत घरी गेलं. पण मी ते पांघरूण विसरत नाही.

परीक्षेला आकडे मला पाठ होते. दोन महिने ते एक वर्ष, मिनिटाला ५० किंवा जास्त श्वास म्हणजे जलद. पण आकडा खाली येणंसुद्धा वाईट असू शकतं, हे कुणी खऱ्या बाळाकडे बोट दाखवून सांगितलं नव्हतं. मला तेवढंच हवं होतं. बोट दाखवणारं कुणीतरी.

---

वॉर्ड_पाच | सकाळी ६:३०

बाळा, तू हे लिहिलंस ते फार मोलाचं आहे. "रडणारं बाळ थांबून बघायचं, रडायचं थांबलेलं बाळ धावत जाऊन बघायचं" असं आमच्या जुन्या इनचार्ज सांगायच्या. नव्या बॅचला पहिल्याच दिवशी सांगणार आहे.

---

निवासी_डॉक्टर | सकाळी ९:०५

पीडियाट्रिक्सचा रेसिडेंट आहे. वरच्या प्रतिसादाबद्दल दोन गोष्टी.

लहान मूल फार उशिरापर्यंत तग धरतं आणि मग एकदम कोसळतं. मोठ्या माणसाचं बीपी बघायची सवय लागलेली असते, पण मुलांत बीपी सगळ्यात शेवटी पडतं. त्याआधी नाडी वाढते, हातपाय गार पडतात, छातीच्या हाडावर पाच सेकंद बोट दाबून सोडलं तर रंग परत यायला दोन सेकंदांपेक्षा जास्त लागतात. हे नव्या सिस्टरच्या बोटांना कळायला हवं. त्यासाठी तिने पन्नास निरोगी मुलांवरही बोट दाबून बघितलेलं असलं पाहिजे.

दुसरं, 'प्यूज' म्हणजे मुलांसाठीचा धोक्याची सूचना देणारा स्कोअर. वागणूक, रक्ताभिसरण, श्वास या तीन गोष्टींना गुण द्यायचे, बेरीज ठरावीक आकड्यावर गेली की डॉक्टरला बोलवायचंच. याचा खरा फायदा नव्या मुलीला होतो. "सर, मला काहीतरी बरं वाटत नाही" असं रात्री तीनला सांगायला ती घाबरते. "सर, बेड ७, स्कोअर दोनचा पाच झालाय" हे सांगायला घाबरत नाही.

आणि आम्ही डॉक्टरांनीही शिकायचं आहे. झोपेतून उठवल्यावर जो रेसिडेंट सिस्टरवर खेकसतो, त्याच्या वॉर्डात पुढच्या वेळी फोन उशिरा येतो. रेसिडेन्सीच्या कागदावर हे वाक्य घाला, मी सही करतो.

---

पर्वती_पायथा | सकाळी १०:२०

हे सरकारमान्य पोस्ट बेसिक डिप्लोमासारखं आहे का? निओनेटलचा, म्हणजे नवजात बाळांच्या नर्सिंगचा, एक वर्षाचा असतो ना?

---

वॉर्ड_पाच | सकाळी १०:४५

नाही. तो वेगळा कोर्स, वेगळं प्रमाणपत्र. मी म्हणतेय ते नोकरीच्या पहिल्या वर्षाचं, प्रत्येक नव्या नर्ससाठी.

---

सातासमुद्रापार | दुपारी ३:३०

मूळची सदाशिव पेठेतली, पुण्यात पाच वर्षं काम करून अमेरिकेत आले. आता मुलांच्या मोठ्या हॉस्पिटलात आहे. मी अनुभवी म्हणून रुजू झाले, त्यामुळे स्वतः रेसिडेन्सी केलेली नाही, पण गेली तीन वर्षं नव्या मुलींची प्रिसेप्टर आहे. म्हणजे तिच्या शेजारी उभी राहणारी.

इथे कसं चालतं ते सांगते. नव्या नर्स बॅचने घेतात, सुट्या सुट्या नाही. कार्यक्रम साधारण वर्षाचा. सुरुवातीचे तीनेक महिने, पीआयसीयू असेल तर त्याहून जास्त, ती प्रिसेप्टरच्याच पेशंटवर प्रिसेप्टरबरोबर काम करते. ड्यूटी लिस्टमध्ये तिला जादा धरतात, वॉर्ड_पाच ताई म्हणतायत अगदी तसंच. पुढे ती स्वतःचे पेशंट घेते, पण महिन्यातून एक दिवस सगळी बॅच वॉर्डाबाहेर एकत्र बसते. त्या दिवसाचा पगार मिळतो. सिम्युलेशनच्या पुतळ्यावर सराव असतो, आणि एक तास फक्त बोलायचं : या महिन्यात काय झालं, कुठलं मूल गेलं, कोण रात्री घरी जाऊन रडलं.

हे इथेही काही पूर्वीपासून नव्हतं. लॉस एंजेलिसच्या मुलांच्या हॉस्पिटलात १९९९ मध्ये असा एक कार्यक्रम सुरू झाला आणि नंतर तो इतर हॉस्पिटलांत पसरला. २०१० मध्ये तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने नव्या नर्सना रेसिडेन्सी द्या अशी शिफारस केली. त्याच्या कितीतरी आधी, १९७४ मध्ये, मार्लीन क्रेमर यांनी कॉलेजातून वॉर्डात आल्यावर बसणाऱ्या धक्क्याला 'रिअ‍ॅलिटी शॉक' हे नाव दिलं होतं. दुखणं जुनंच आहे.

एक गोष्ट आवर्जून सांगते. इथे प्रिसेप्टरलाही आधी शिकवतात. हात चालणारी प्रत्येक सिस्टर शिकवू शकतेच असं नाही. मला पहिल्यांदा सांगितलं होतं, "तिच्या हातातून सिरिंज ओढून घेऊ नकोस. विचार, तू आता काय करणार आहेस आणि का." पुण्यात मी कायम ओढून घ्यायचे. लवकर व्हायचं ना काम!

---

दवाखाना_हडपसर | संध्याकाळी ५:५०

माझं २५ खाटांचं मुलांचं हॉस्पिटल आहे. मनापासून वाचतोय आणि मनापासूनच अडचण सांगतो. माझ्याकडे एका शिफ्टला तीन सिस्टर. एक जादा तीन महिने पोसायची, तिला शिकवायला दुसरी मोकळी ठेवायची, आणि आठव्या महिन्यात ती मोठ्या हॉस्पिटलात किंवा जर्मनचे क्लास लावून परदेशी जाणार. डेंग्यूच्या सीझनमध्ये तर कॉरिडॉरमध्ये पण सलाइन लावलेल्या खाटा असतात. तेव्हा काउंटमध्ये कोण नाही हा विचारच करता येत नाही. मोठ्यांना जमेल. आम्ही काय करायचं?

---

भोरची_पोर | संध्याकाळी ७:१०

डॉक्टर, आदराने लिहिते. मी पहिलं हॉस्पिटल सहाव्या महिन्यात सोडलं. लोक म्हणाले, पैशासाठी गेली. मला तिथे बारा हजार मिळत होते आणि माझी मूळ सर्टिफिकेटं त्यांच्या कपाटात होती. पण मी पैशासाठी गेले नाही. रोज बसमधून जाताना पोटात गोळा यायचा, आज माझ्या हातून काही होईल का, म्हणून गेले. कुणी शेजारी असतं तर थांबले असते.

---

कायदा_वाचणारा | रात्री ८:००

पगाराचा विषय निघालाय म्हणून. खाजगी हॉस्पिटलांतल्या नर्सच्या पगाराबद्दल २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने निर्देश दिले आणि केंद्राने नेमलेल्या समितीने शिफारशी केल्या. ५० पेक्षा कमी खाटा असतील तरी महिना किमान २० हजार. २०० पेक्षा जास्त खाटा असतील तर सरकारी नर्सच्या बरोबरीने. या शिफारशी अमलात आणायचं काम राज्यांवर सोडलेलं आहे. बारा हजार वाचून वाईट वाटलं.

---

रास्तापेठची_आजी | रात्री ९:२५

निवृत्त सिस्टर आहे, वय ७१. नातीने हा धागा वाचून दाखवला, लिहूनही तीच देतेय.

आमच्या वेळी रेसिडेन्सी हा शब्द नव्हता, पण होस्टेल होतं. विद्यार्थिनी म्हणून तीन वर्षं वॉर्डातच वाढायचो. नाइटला वरच्या वर्षाची मुलगी बरोबर असायची. चुकलं तर ती आधी बघायची. त्यात पिळवणूकही खूप होती, वॉर्ड आमच्याच जिवावर चालायचे, ते काही चांगलं नव्हे. पण एकटं कुणी नसायचं. आता मुली कॉलेजच्या बसने क्लिनिकलला येतात, दुपारी परत जातात. चार वर्षं शिकूनही वॉर्डातली रात्र त्यांनी फार थोडी बघितलेली असते.

पुण्याला हे नवं नाही. रमाबाई रानड्यांचं सेवासदन १९०९ चं. त्या काळी विधवा, परित्यक्ता बायका नर्सिंग शिकायला ससूनला जायच्या. लोक नावं ठेवत. त्यांच्या राहण्याची, सोबतीची, अभ्यासाची काळजी सेवासदनाने घेतली म्हणून त्या टिकल्या. माझ्या आजेसासूबाईंकडून हे ऐकलंय.

आता माझ्याबद्दल. मी नव्या मुलींना फार बोलायचे. सगळ्यांसमोर, पेशंटच्या नातेवाइकांसमोर. एका मुलीच्या हातून सुई लावताना दोनदा व्हेन (शीर) फुटली तर मी म्हटलं, "तुला पास कुणी केलं?" ती दुसऱ्या दिवशी आलीच नाही. नंतरही नाही. मला वाटायचं, कडक राहिलं की वॉर्ड चांगला राहतो. चाळीस वर्षं झाली, तिचा चेहरा आठवतो. त्या मुलीची मी अपराधी आहे.

वॉर्ड_पाच, तुझ्या कागदात लिही : नव्या मुलीला नातेवाइकांसमोर बोलायचं नाही. वायल हातात देऊन "तू वाच" म्हणणारी तुझी ती स्टाफ, तिच्याकडून मी आज शिकले.

---

ओवीची_आई | रात्री १०:४०

आईच्या बाजूने. मुलगी दोन वर्षांची असताना डेंग्यूने ॲडमिट होती. नवीन सिस्टरला व्हेन मिळेना. दोनदा टोचलं. मी चिडणार तेवढ्यात बाजूची मोठी सिस्टर म्हणाली, "या आमच्या नवीन सिस्टर आहेत, मी त्यांच्याबरोबर आहे. दोन वेळा झालं, आता तिसऱ्यांदा मी बघते. तुम्ही ओवीला मांडीवर घ्या, झोपवू नका." मुलगी मांडीवर आल्यावर निम्मं रडणं तिथेच कमी झालं. आणि ती नवीन सिस्टर निघून गेली नाही. गुडघ्यावर बसून ओवीचा हात धरून राहिली, मोठीने कुठे बोट फिरवलं ते बघत होती.

मला खरं सांगितलं म्हणून राग गेला. नवीन आहे हे लपवू नका. पण एकटी पाठवू नका.

---

सातासमुद्रापार | रात्री ११:३०

दोन वेळांचा नियम आमच्याकडेही आहे. अगदी तान्ह्या बाळांना टोचायच्या दोन मिनिटं आधी साखरेच्या पाण्याचे थेंब जिभेवर देतात, किंवा आईने अंगावर पाजत असतानाच टोचतात. दुखणं खरंच कमी होतं. हे पुण्यात बिनखर्चाचं आहे, नव्यांना पहिल्याच आठवड्यात शिकवा.

---

वॉर्ड_पाच | पाच दिवसांनी, रात्री १०:१५

सगळं वाचलं, दोनदा वाचलं. आजी, तुमचा प्रतिसाद नर्सेस रूममध्ये मोठ्याने वाचला. कुणी काही बोललं नाही बराच वेळ.

हडपसरचे डॉक्टर, तुमची अडचण खरी आहे. मला एवढंच सुचतंय : जवळजवळच्या चार-पाच लहान हॉस्पिटलांनी मिळून नव्या मुली एकदम घ्या आणि पहिला महिना एखाद्या मोठ्या मुलांच्या वॉर्डात पाठवा. सीझनमध्ये घेऊच नका, डेंग्यूच्या आधी, मार्च-एप्रिलात घ्या. जून-जुलैपर्यंत त्यांचे हात तयार होतात. आणि सर्टिफिकेटं अडकवून कुणी टिकत नाही, हे भोरच्या मुलीने सांगितलंच.

आज मीटिंग झाली. तीन महिने मिळाले नाहीत. आठ आठवडे मिळाले. मी भांडले, तेव्हा नवव्या ते बाराव्या आठवड्यात काउंटमध्ये धरलं तरी चारपेक्षा जास्त मुलं द्यायची नाहीत, आणि सहा महिने नाइटला दोन नव्या एकत्र लावायच्या नाहीत, हे लिहून घेतलं. व्हेंटिलेटरचं बाळ पहिलं वर्षभर एकटीकडे नाही. माझं समाधान नाही. पुढच्या बॅचला परत मागेन.

कुणीतरी मेसेजमध्ये विचारलं, तीन महिने नुसत्या बघत बसल्या तर आळशी होतील. जादा धरणं म्हणजे बसणं नव्हे. पहिल्या आठवड्यात एक मूल, मग दोन, मग चार, पण सही शेजारचीची. पहिल्या दिवसाचं काम ठरलंय : एका बाळाजवळ स्टूल घेऊन बसायचं, पांघरूण बाजूला करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे, ३० सेकंद मोजून दुप्पट करायचे नाहीत. दिवसभरात दहा मुलांचे. झोपलेल्या, रडणाऱ्या, दूध पिणाऱ्या, तापातल्या.

रोज ओव्हरच्या आधी फळ्यावर एक गणित. सहा किलोच्या बाळाला सलाइन किती : पहिल्या दहा किलोंना किलोमागे १०० मिली दराने दिवसाला ६०० मिली, म्हणजे तासाला २५. मायक्रो सेटचे, म्हणजे बारीक थेंबांच्या सलाइनच्या नळीचे, ६० थेंब म्हणजे एक मिली, म्हणून मिनिटाला २५ थेंब. दुसऱ्या दिवशी १४ किलोचं : पहिल्या दहाचे १०००, वरच्या चार किलोंचे ५० दराने २००, एकूण १२००, तासाला ५०. कॅल्क्युलेटर चालेल, पण दोघींनी वेगवेगळं करायचं आणि मगच एकमेकींना दाखवायचं. एकीने दुसरीच्या उत्तराला मान डोलावणं ही तपासणी नव्हे. पोटॅशियम, इन्सुलिन, हेपरिन, मॉर्फिन यांना तर कितीही जुनी सिस्टर असली तरी दुसरीची सही.

फार्मसीला पत्र दिलंय : अमिकासिनची ५०० ची वायल मुलांच्या वॉर्डात पाठवायचीच असेल तर आधी फोन, आणि वेगळ्या लाल पाकिटात. आजपासून सुरू झालं.

निवासी डॉक्टर, तुमचं वाक्य घातलंय. सही करायला या.

---

रास्तापेठची_आजी | रात्री १०:५०

मला हाताने आता काही जमत नाही, डोळ्याला बारीक दिसत नाही. पण महिन्यातून एकदा त्या मुलांमुलींचं बोलणं ऐकायला बसू शकते. सातासमुद्रापारची मुलगी म्हणते तो तास. चालेल का?

---

वॉर्ड_पाच | रात्री १०:५८

आजी, पहिल्या महिन्याचा शेवटचा मंगळवार, दुपारी तीन, मॉर्निंगचा ओव्हर झाल्यावर. पत्ता मेसेजमध्ये पाठवते. नातीला सांगा, रिक्षा मागच्या गेटला थांबवा, तिथून जिना नाही.